काचेतला रोवणा

शिंगाडा हातानं लावत नाहीत, पायानं लावतात. पावसाळ्यात तलाव भरत आला की कमरभर पाण्यात उभं राहायचं, रोपाच्या दोन-तीन वेली एकत्र धरायच्या, त्यांची बुडं पायाच्या अंगठ्याखाली घ्यायची आणि तशीच गाळात रेटायची. मग एक पाऊल मागं सरकायचं आणि पुढचं रोप घ्यायचं. पाणी गढूळ असतं, अंगठा कुठं गेला ते दिसत नाही. बाबांनी हे काम चाळीस पावसाळे केलं. आम्ही ढीवर. पारशिवनीच्या बाजूला एक मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. त्या तलावावर आमच्या लोकांची मासेमारी आणि थोडा शिंगाडा असायचा. लहानपणी मी काठावर बसून बाबांना विचारलं होतं, रोप नीट बसलं हे समजतं कसं? ते म्हणाले, "पायाले कळते."

मी आता तेच काम काचेच्या टाकीत करतो. माझ्या पिशवीत वाकड्या टोकाचा लांब चिमटा, एक कात्री, पाण्याचा फवारा आणि जुन्या साडीचे दोन तुकडे असतात. सकाळच्या गाडीनं आमडी फाटा, कन्हान, कामठी करत नागपूर गाठायचं, एक-दोन घरच्या टाक्या करायच्या आणि संध्याकाळी परत पारशिवनी. सुरुवातीची तीन-चार वर्षं मी फक्त टाक्या धुवायचो, फिल्टर बसवायचो आणि तळाशी निळे खडे टाकून त्यात प्लास्टिकची झाडं खोचायचो. जिवंत वनस्पती लावायला मला एका काकूंनी लावलं. महालातल्या जुन्या घरात त्या एकट्या राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "अरे, मासे खरे आणि झाडं खोटी, हे मला बघवत नाही. तू तलावाच्या काठचा ना? लाव की खरी."

मी हो म्हणालो. मला वाटलं, त्यात काय मोठं! दुकानातून कुंडीतली हिरवीगार रोपं आणली. रुंद पानांची, तांबूस पानांची, पट्ट्यापट्ट्यांची. तीन फुटी टाकीत मोठ्या खड्यांमध्ये ती रोवली आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. दहाव्या दिवशी काकूंचा फोन आला. जाऊन पाहिलं तर पानं काचेसारखी पारदर्शक झाली होती, बोट लावलं की विरघळत होती. पाण्याला वास होता. मी सगळं उपटून बादलीत टाकलं, पैसे परत केले आणि मान खाली घालून निघालो.

महिन्याभरानं टाकी धुवायला गेलो तेव्हा एका कोपऱ्यात खड्यांच्या फटीतून एक पान वर आलेलं दिसलं. आधीच्या पानांहून अरुंद, गडद, जरा चुरगळल्यासारखं. उपटताना मुळाचा एक तुकडा खाली राहून गेला होता, त्याला ते फुटलं होतं. मी कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिलो. मी ज्यांना मेलेलं समजून फेकलं, ती मेलेली नव्हतीच.

कारण पुढं कळलं. टाकीसाठी विकतात त्यातली पुष्कळ रोपं रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. मुळं ओलीत आणि पानं दमट हवेत. ती पानं हवेसाठी घडलेली. पाण्यात बुडवली की झाड ती टाकून देतं आणि मुळातल्या साठ्यावर पाण्यासाठीची नवी पानं काढतं. क्रिप्टोकोरिन नावाच्या जातीत हे इतकं जोरात होतं की आठवडाभरात सगळं झाड गळून जातं. त्या वेळी करायचं एवढंच, सडलेलं पान कात्रीनं काढायचं, थोडं पाणी बदलायचं आणि मुळाला हात लावायचा नाही. पट्ट्यापट्ट्यांची रोपं मात्र जगणारच नव्हती. ती पाण्यातली वनस्पतीच नव्हती, घरात कुंडीत ठेवतात त्या ड्रॅसिनाचे तुकडे होते. असे तुकडे आजही टाकीसाठी म्हणून विकतात. पाण्यात दोन-तीन महिने तग धरतात आणि बुडातून कुजतात. गिऱ्हाइकाला वाटतं आपलाच हात वाईट. त्याचा हात वाईट नसतो, त्याला चुकीची वस्तू दिलेली असते.

त्या रात्री घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "गाळ किती टाकला होता?" मी म्हटलं, गाळ नाही, खडे. ते म्हणाले, "मंग खाईन काय थे?"

तिथून माझं खरं शिकणं सुरू झालं. आमच्याकडे मातीला नावं आहेत. काळी, मोरंड, खरडी, सिहार. मी परसात सात-आठ बरण्या मांडल्या आणि एकेकीत एकेक माती घातली. काळी माती पाण्यात फुगली, वर घातलेली रेती तिच्यात उतरली आणि बरणी हलवली की तासन्‌तास पाणी गढूळ. मोरंडीत चुनखडे निघाले. तलावातला ताजा गाळ सगळ्यात कसदार, पण त्यात इतकं कुजकं होतं की चौथ्या दिवशी बुडबुडे आणि सडक्या अंड्याचा वास. शेवटी धानाच्या बांधीतली सिहार माती जमली. ती उन्हात वाळवायची, चाळायची, दोन-तीनदा पाण्यात कालवून वर तरंगणारा काडीकचरा ओतून द्यायचा. टाकीत तिचा इंचभर थर आणि तिच्यावर कन्हान नदीच्या धुतलेल्या रेतीचा दीड इंच. रेतीचं काम मातीला झाकून ठेवण्याचं, मातीचं काम मुळांना जेवू घालण्याचं.

बऱ्याच वर्षांनी एका गिऱ्हाइकाच्या मुलानं सांगितलं की अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड नावाच्या बाईंनी हेच १९९९ मध्ये पुस्तकात मांडलं आहे: खाली साधी माती, वर खड्यांचा पातळ थर, भरपूर वनस्पती आणि थोडे मासे. त्यानंच जपानच्या ताकाशी अमानोंच्या टाक्यांची चित्रं दाखवली. दगड, लाकूड आणि हिरवळ यांतून त्यांनी काचेत डोंगरदऱ्या उभ्या केल्या होत्या. २०१५ मध्ये ते गेले. ती चित्रं पाहून मी हरखलो. पण अशी टाकी राखायला कार्बन डायऑक्साइडची नळकांडी, तेज दिवे आणि रोजची निगा लागते. माझी बहुतेक गिऱ्हाइकं नोकरदार. त्यांना मी बांधीची मातीच देतो.

आता रोवणा. धानाच्या लावणीला आमच्याकडे रोवणा म्हणतात, मी टाकीतल्या कामालाही तोच शब्द वापरतो. टाकी आधी पूर्ण भरायची नाही. रेतीच्या वर चार बोटं पाणी पुरे. रेतीवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी ओततो, म्हणजे माती उसळत नाही. रोपं तोवर साडीच्या ओल्या तुकड्यात गुंडाळलेली. दर पाच मिनिटांनी फवारा मारायचा, कारण पाण्यातलं पान हवेत फार लवकर सुकतं.

व्हॅलिस्नेरिया ही लांब फितीसारख्या पानांची जात आपल्या देशातल्या तळ्या-ओढ्यांतली, आमच्या तलावातही आहे. तिची मुळं दोन बोटं ठेवून कातरायची. पानं आणि मुळं जिथं मिळतात तिथं एक पांढरा गळा असतो. सगळं त्या गळ्यावर आहे. तो रेतीत गाडला गेला की झाड आतून कुजतं. वर फार राहिला की झाड तरंगून येतं. मी चिमट्यात मुळं धरून ती तिरकी खुपसतो, गरजेपेक्षा खोल, मग चिमटा सैल करतो, बाहेर काढतो आणि पानाला धरून झाड हलकेच वर ओढतो. गळा रेतीबाहेर आला की थांबायचं. या ओढण्यात मुळं खाली सरळ होतात. पाण्यातून बघताना सगळं वाकडं दिसतं, काडी जिथं दिसते तिथं ती नसते. म्हणून डोळ्यांवर फार विसंबता येत नाही. चिमट्याच्या टोकाला रेती संपून माती लागते तेव्हा हाताला एक मऊपणा जाणवतो, तो ओळखावा लागतो. बाबांचं "पायाले कळते" मला तिथं कळलं.

रोटाला, लिम्नोफिला, नीरब्राह्मी अशा काडीच्या वनस्पतींची रीत वेगळी. त्यांची जुडी रबर काढून मोकळी करायची. जुडीच्या जुडी खोचणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आतल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि त्या सडतात. एकेक काडी वितीपेक्षा जरा लहान कापायची, खालच्या दोन पेरांची पानं काढायची आणि ती दोन पेरं रेतीत जातील अशी, बोटभर अंतरानं, एकटी लावायची. मूळ पेरातून फुटतं. ॲन्युबियस आणि जावा फर्न तर मातीत लावायचेच नाहीत. त्यांचं आडवं खोड गाडलं की गेलं. ती लाकडाला किंवा दगडाला दोऱ्यानं बांधायची, महिना-दोन महिन्यांत मुळं दगडाला धरतात. आणि सेराटोफायलमला मुळंच नसतात, ते नुसतं पाण्यात सोडायचं.

दगडांवरून आठवलं. एका घरच्या टाकीसाठी मी घोगरा महादेवाच्या खालच्या अंगाला पेंच नदीच्या पात्रातून पांढरेशुभ्र गोटे वेचून आणले होते. टाकी इतकी देखणी दिसली की घरच्यांनी पाहुण्यांना बोलावून दाखवली. तीन महिन्यांत रोटाला खुजी राहिली, शेंडे आखडले, काचेवर पांढरी रेघ धरली. मला उलगडा होईना. मग त्यातला एक गोटा बाहेर काढून त्याच्यावर संडास धुवायच्या ॲसिडचा थेंब टाकला, तर तो फसफसला. आमच्या भागात मॅंगनीजच्या पट्ट्यात संगमरवराचे थरही आहेत, त्याचेच ते तुकडे. तो चुना हळूहळू पाण्यात उतरून पाणी जड करत होता. तेव्हापासून कोणताही दगड ॲसिडच्या थेंबाशिवाय मी टाकीत घालत नाही. आणि पेंचच्या राखीव जंगलातून तर दगड काय, पाण्यातली काडीही आणत नाही. तिथलं तिथंच राहावं.

रोवणा झाला की पहिला प्रश्न येतो, मासे कधी? मी सांगतो, महिन्यानं. माणसं नाराज होतात, मुलं तर रडतात. एका छोट्या मुलीनं मला दारातच विचारलं होतं, "मग टाकीत काय बघायचं?" मी तिला रोज एक पान मोजायला सांगितलं. त्या महिन्यात मातीतून अमोनिया सुटतो, तो माशांना विष आणि वनस्पतींना खत. काही वनस्पती तो ओढून घेतात, काही जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करतात. हे जिवाणू रेतीच्या कणाकणावर वस्ती करतात आणि त्यांना वेळ लागतो. म्हणून मी सुरुवातीला हायड्रिला भरपूर घालतो. शाळेत चंचुपात्रात उलटं नरसाळं आणि त्यावर परीक्षानळी ठेवून जिचे बुडबुडे मोजायला लावतात, तीच. ती भराभर वाढते आणि पाण्यातलं सगळं खत खाऊन घेते, मग काईला काही उरत नाही. बाकीची झाडं बसली की निम्मी हायड्रिला काढून घ्यायची. दिवा रोज सहा-सात तास, त्याहून जास्त नाही, आणि टाकी खिडकीच्या थेट उन्हात तर मुळीच नाही. उजेड जास्त झाला की वनस्पतींच्या आधी काई उठते.

अजून एक गोष्ट बाबांकडून आलेली. टाकी हिरवी गच्च झाल्यावर एका घरून तक्रार आली की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, दुपारी मात्र ठीक असतात. बाबा म्हणाले, आभाळी दिवसांत तलावातही असंच होतं, पहाटे मासे वर येतात, कारण रात्री झाडंही श्वास घेतात. मी तिथं रात्रीपुरता हवेचा छोटा पंप लावून दिला. त्यात नवल काही नव्हतं, पण ते मला सुचलं नव्हतं, ज्यांनी आयुष्यात टाकी ठेवली नाही त्यांना सुचलं.

आमच्याकडचा मे महिना हा या धंद्याचा खरा पेपर. पारा पंचेचाळीसच्या घरात, त्यात दुपारी वीज गेली की टाकीतलं पाणी कोमट होतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो. पाण्यावर तिरका छोटा पंखा लावला की बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात, पण मग पाणी रोज घटतं. ती घट बोअरच्या पाण्यानं भरत गेलं की क्षार साचत जातात, कारण वाफ जाते आणि क्षार मागं राहतात. मी लोकांना पावसाचं पाणी किंवा शुद्धीकरण यंत्रातलं पाणी वापरायला सांगतो. एका मेमध्ये माझ्या अकरा टाक्यांतल्या नाजूक परदेशी वनस्पती गेल्या. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला सगळीकडे उभी. त्यांना हे ऊन नवं नाही. त्या उन्हाळ्यानंतर मी ठरवलं की नव्या टाकीत निम्म्याहून जास्त लावण आपल्याकडच्या जातींची.

भंडारा-गोंदियाकडे हेच काम पूर्ण तलावाएवढं मोठं चाललं आहे, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मनीष राजनकर आणि अर्जुनीचे पतिराम तुमसरे यांनी ढीवरांच्या जुन्या जाणतेपणाच्या आधारानं मामा तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले. शालू कोल्हे यांच्यासारख्या ढीवर बायका त्यात पुढं आहेत. पद्धत ऐकली आणि मला माझ्याच टाक्या दिसल्या: आधी बेशरमाची झुडपं मुळापासून काढायची, तळ मोकळा करायचा, मग पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती, तरंगत्या पानांच्या आणि काठच्या, अशा त्यांच्या त्यांच्या जागी लावायच्या. या लावणीनं देशी माशांना अंडी घालायला आणि लपायला जागा मिळते. रोहू-कटल्याचं बीज विकत आणून सोडलं की तलाव भरला, असं आपण कितीतरी वर्षं मानत आलो. पाण्यातल्या गवताला कचरा म्हणत आलो. मीही टाकीत आधी मासेच सोडले होते.

म्हणून एका गोष्टीवर मी चिडतो. टाकी मोडली की लोक आतल्या वनस्पती नाल्यात किंवा तलावात टाकून देतात, वर म्हणतात जीव वाचवला. जलपर्णी अशीच शोभेसाठी दक्षिण अमेरिकेतून आली आणि आज आपल्या नद्या-तलावांच्या छातीवर बसली आहे. काचेत गुणानं वागणारी परदेशी काडी तलावात गेली की काय करेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगून ठेवलं आहे, छाटलेली प्रत्येक काडी उन्हात कडकडीत वाळवा आणि मग कुंडीत खत म्हणून घाला.

महालातल्या काकूंकडे मी दोन वर्षांनी पुन्हा टाकी लावली, या वेळी बांधीच्या मातीत, आमच्या तलावातली व्हॅलिस्नेरिया घेऊन. एका सप्टेंबरात त्यांचा फोन, "पाण्यावर पांढरी धूळ आली आहे, आणि एक दोरा तळापासून वरपर्यंत लोंबतोय." धूळ नव्हती, नरफुलं होती. या वनस्पतीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. नरफुलं बुडाशी असतात, तिथून सुटून बुडबुड्यासारखी वर येतात आणि पृष्ठभागावर उघडून कणाएवढ्या होड्यांसारखी तरंगतात. मादीचं फूल लांब दोऱ्यासारख्या देठावर वर येतं आणि पाण्याच्या पातळीत टेकतं, तिथं पाण्याला किंचित खळगा पडतो, आणि तरंगत आलेली नरफुलं त्या खळग्यात घसरतात. टाकीतलं एकच झाड धावत्या फांद्यांनी पसरत गेलं तर सगळी झाडं एका लिंगाची असतात. आमच्या तलावातून मी मुठीनं आणली होती म्हणून दोन्ही आली. पुढच्या आठवड्यात तो दोरा स्प्रिंगसारखा गुंडाळत गेला आणि फळ घेऊन तळाकडे उतरला. काकूंनी रोज वहीत त्याची वेटोळी काढून ठेवली होती.

मी ते बाबांना सांगितलं. ते गप्प बसले. मग म्हणाले, "आमी वरून पाह्यलं सारं. बाजूनं कदी पाह्यलं नाही."

त्यांचे गुडघे गेले आहेत, पाण्यात उतरणं बंद झालं आहे. पुढच्या आषाढात मी ओसरीवर चार फुटी टाकी मांडली, जुन्या गिऱ्हाइकाकडून आलेली, एका कोपऱ्याला चीर गेलेली. चीर सिलिकॉननं बुजवली. तळाला चार बोटं तलावाचा गाळ घातला, रेती नाही, आणि वर दीड फूट पाणी. भाऊबंदांकडून शिंगाड्याच्या चार वेली आणल्या. चिमटा बाबांच्या हातात द्यायला लागलो तर त्यांनी नको म्हटलं. बाही वर केली, वेलीचं बूड अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात धरलं, काचेला लागून खाली नेलं आणि डोळे मिटून दाबलं. पाणी गढूळ झालं. आम्ही चहा घेतला.

दोन दिवसांनी पाणी निवळलं. आठव्या दिवशी पहाटे त्यांनी मला हाक मारून उठवलं. ते काचेजवळ पाटावर बसले होते, हातात मोबाइलचा दिवा. काचेला लागून गाळात बारीक पांढरी मुळं उतरली होती, सहा-सात, केसासारखी. बाबांनी काचेवर बोट ठेवून एकेक मूळ वरून खालपर्यंत गिरवलं, आणि दिवा दुसऱ्या वेलीकडे नेला.